एका बटणाचं उत्तर

अहो, तुमचं तेरावं होऊन तीन दिवस झाले. पाहुणे पांगले, सतरंज्या परत गेल्या, शेजारच्या शकुंतलावहिनींनी आपली मोठी पातेली नेली. आता घरात मी आणि तुमचा तो ठोकळा, एवढेच समोरासमोर बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात. गेले तेरा दिवस मी तेच ऐकलं, की फार शांत माणूस, कधी तक्रार नाही, कधी आवाज चढवला नाही. मान डोलवून डोलवून माझी मान दुखायला लागली. माझ्याकडून मात्र तसलं काही ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मला तुमच्याशी भांडायचंय. अठ्ठावीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरून कुणाच्या बाहीत काय दडलंय ते ओळखणारी बाई मी. आणि तुम्ही माझ्या नाकासमोर कॉपी केलीत. ती मला तुम्ही गेल्यावर सापडली.

हा ठोकळा घरात आला तेव्हाच मला पटला नव्हता. नागापूरच्या ज्या गोदामात तुम्ही सुट्या भागांचा हिशोब सांभाळायचात, तिथला तो जुना हातातला कॉम्प्युटर. वर लहानसा पडदा, खाली रबरी बटणं, कडेला एक पिवळं आणि एक निळं बटण. नवे आले तेव्हा साहेबांनी जुन्यांतला एक तुम्हाला दिला आणि तुम्ही तो रुमालात गुंडाळून आणलात. मी विचारलं, हे भंगार कशाला? तर तुम्ही मला अर्धा तास बसवून बटणं कशी भरायची ते शिकवलंत. 'बटणं भरणं' हा तुमचाच शब्द. गोदामातली सगळी माणसं आपापला ठोकळा घेऊन तुमच्याकडे बटणं भरून घ्यायला यायची, हेही तेव्हाच मोठ्या ऐटीत सांगितलंत. त्याला मॅक्रो म्हणतात म्हणालात. पाच बटणं दाबून जे काम होतं ते एकाच बटणात कोंबायचं, की झालं.

मी लगेच शंका काढली. मांडणीवरचा माल न मोजताच कुणी ते एक बटण दाबलं तर? पडद्यावर तर 'मोजला' असंच येणार ना? तुम्ही एवढं तोंड करून म्हणालात, "मोजल्याबिगर मी बटण दाबत न्हाई." मी म्हटलं, तुमचं ठीक आहे, पण उत्तर आधीच तयार असलं की माणूस प्रश्न नीट ऐकत नाही, हा माझा शाळेतला अनुभव आहे. त्यावर आपलं दोन दिवस वाजलं. पुढेही कधीमधी तो विषय निघायचा आणि आपण दोघंही त्याच जागी येऊन थांबायचो. तो वाद मिटला नाही तो नाहीच.

संशय हा माझा स्वभावच, तुम्हाला काय नवीन सांगायचं? लग्नानंतर पहिल्यांदा शनिशिंगणापूरला गेलो होतो तेव्हा बिनदाराची घरं बघून मी किती वेळ तिथेच उभी होते. तुम्ही हसत होतात. म्हणालात, "बाई, तू हितं ऱ्हाऊच शकायची न्हाई. रोज उठून डबे मोजशील." सगळी शाळा मला बाई म्हणायची म्हणून तुम्हीही बाईच म्हणायचात, तीस वर्षं. मला ते आवडायचं. सांगितलं कधी नाही.

आणि एक सांगितलं नाही ते हे. आपल्या प्राजूच्या लग्नाची बोलणी करायला संगमनेरची मंडळी यायची होती, त्या सकाळी मी तुम्हाला बजावलं होतं, की आज 'हाय' आणि 'न्हाई' करू नका, 'आहे' म्हणा, 'पानी' नको, 'पाणी' म्हणा. पाथर्डीकडच्या कोरड्या मुलखातला माणूस तुम्ही. आई-बाप सहा महिने ऊसतोडीला, शाळा जमेल तशी झालेली. मी नगर शहरातली, त्यातून मराठी शिकवणारी. तुम्ही मान हलवलीत आणि मंडळी जाईपर्यंत एक शब्दही बोलला नाहीत. नुसते हसलात, पान पुढे केलंत, पाहुण्यांना नमस्कार केलात. जावई अजून सांगतात, बाबा पहिल्या दिवशी किती कमी बोलले. मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. तुमच्याकडे आवाज होता तेव्हाचा एक अख्खा दिवस मी वाया घालवला.

मग घशाचं निघालं. ऑपरेशनमध्ये तुमचं स्वरयंत्र काढलं. दवाखान्यातून घरी आलात, दोन दिवस पाटीवर लिहून दाखवलंत, आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून हा ठोकळा काढलात. इंग्रजी अक्षरांची बटणं दाबायची, पडद्यावर मराठी उमटायचं, पिवळं बटण दाबलं की आतली बाई ते मोठ्याने वाचायची. मिशीवाल्या माणसाच्या हातातून बाईचा आवाज. शकुंतलावहिनी पहिल्यांदा ऐकून इतक्या हसल्या की पदर तोंडात धरून बाहेर गेल्या, आणि तुम्हीही खांदे हलवून हसलात.

सबंध वाक्य टाकताना तुम्ही दमायचात, म्हणून वरच्या ओळीतली एफ-एक ते एफ-आठ ही आठ बटणं मी भरली. वहीत आधी कच्चं लिहून काढलं. 'मला पाणी हवे आहे.' 'मला वेदना होत आहेत.' 'मला आता बरे वाटत आहे.' असं सगळं नीटनेटकं. तुम्ही एकेक बटण दाबून ऐकलंत आणि मग कितीतरी वेळ टकटक करत एक वाक्य टाकलंत. आतली बाई म्हणाली, "ही कोन बोलती? शाळा तपासायला आली का?" ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

पण माझा संशय जागा झालाच. स्वयंपाकघरातून मी विचारायची, दुखतंय का? बाहेरून एकच टक ऐकू यायची आणि लगेच, "मला आता बरे वाटत आहे." विचारायची, झोप लागली का? पुन्हा एक टक. "झोप चांगली लागली आहे." चार-पाच दिवस ऐकलं आणि लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, एका बटणाचं उत्तर मला चालणार नाही. मी टकटक मोजते. एक टक म्हणजे पाठ केलेलं उत्तर, पुष्कळ टकटक म्हणजे मनातलं. आणि शिवाय भाषेवरूनही कळतं मला. 'आहे' आलं की ते माझं, 'हाय' आलं की तुमचं. मला फसवायला जाऊ नका.

काय हुशारी ती माझी. चोराला कुलपाची बनावट समजावून सांगितली आणि वर दटावलं, की आता चोरी करू नका.

आठवडाभर तुम्ही रुसल्यासारखे होतात. ठोकळा घेऊन तासन्‌तास खिडकीत बसायचात. मी विचारलं, काय करताय? तर तुम्ही टाकलंत, "जुनं काम आठवतो." मला वाटलं, गोदामाची आठवण येत असेल. आणि त्यानंतर तुमची उत्तरं बदलली. मी आतून विचारायची, बाहेर दहा-बारा वेळा टकटक व्हायची आणि मग आतली बाई म्हणायची, "बरा हाय मी." कधी "पोट भरलं, आता नको." कधी "काय दुखत न्हाई." सगळं तुमच्या बोलीत. मी कणीक मळता मळता मोजायची आणि मला बरं वाटायचं. दुखत नाही म्हणून तर बरं वाटायचंच, पण माणूस आपल्याशी खरं बोलायला लागला म्हणूनही. दोन महिने मी निर्धास्त होते. माझ्या आयुष्यात एवढी निर्धास्त मी कधीच नव्हते.

मग तो गुरुवार आला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण तुमच्या दुखण्यामुळे प्राजूला आणता आलं नव्हतं, आणि ते मला टोचत होतंच. सकाळी जावयांचा फोन आला की दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात, ती सारखी माझं नाव घेतेय. मी आतल्या खोलीत पिशवी भरायला घेतली, दोन साड्या टाकल्या आणि तिथूनच तुम्हाला विचारलं. म्हटलं, खरं सांगा, दुखतंय का? दुखत असेल तर मी जात नाही, तिची सासू आहे तिकडे. तुमच्याकडे माझी पाठ होती. टकटक सुरू झाली. मी घड्या घालता घालता मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा. मग आतली बाई म्हणाली, "तू जा. मी हाय."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. तुम्ही कॉटवर बसला होतात. माझ्याकडे बघून हात वर केलात. मी म्हटलं, पोचल्यावर फोन करते, वहिनी दुपारी येतील, सार पिऊन घ्या. आणि चपला घालून निघाले.

संध्याकाळी नात झाली. मी फोन लावला आणि सांगितलं. तुमच्या बाजूने बराच वेळ टकटक, थांबत थांबत, आणि मग आतल्या बाईने विचारलं, "कुनासारखी हाय?" मी म्हटलं, अजून कळत नाही हो, पण कान तुमचे आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. त्या सार घेऊन आल्या तेव्हा तुम्ही कॉटवर आडवे होतात आणि ठोकळा छातीवर होता. तुम्ही बाराच्या सुमारास गेलात म्हणे, आणि मी तेव्हा तुमच्या नातीला न्हाऊ घालत होते.

हे इथवर मी सहन केलं असतं. माणसं जातात, बाकीची तिथे नसतात, होतं असं. पण तुमचे कागद घ्यायला मी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, शेवटच्या महिन्यात त्यांना खूपच वेदना झाल्या असणार, तुम्ही गोळ्या वाढवून न्यायला आला कशा नाहीत? मी म्हटलं, त्यांना दुखत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात चुकीचं उत्तर ठासून देणाऱ्या मुलीकडे मी जसं बघायची, तसं.

तिथून घरी आले, निळं बटण दाबून धरलं आणि यादी उघडली. तुम्हीच शिकवलं होतंत. कोणत्या बटणात काय भरलंय ते सगळं एकाखाली एक दिसतं. मी भरलेली आठही वाक्यं गेली होती. एफ-एक, 'बरा हाय मी.' एफ-दोन, 'काय दुखत न्हाई.' एफ-तीन, 'झोप लागली चांगली.' एफ-चार, 'पोट भरलं, आता नको.' जी वाक्यं ऐकून मी दोन महिने खूश होते, ती सगळी ओळीने तिथे उभी होती. सगळी तुमच्या बोलीत, कारण बोलीवरून ओळखते हे मीच तुम्हाला सांगितलं होतं.

मग म्हटलं, ती टकटक कुठली? आणखी खाली गेले. आकड्यांची दहाही बटणं तुम्ही रिकामी केली होतीत. प्रत्येकासमोर नुसता आडवा डॅश. एकेक दाबून बघितलं. टक वाजते आणि पडद्यावर काहीच येत नाही. रिकाम्या बटणांवर दहा-बारा वेळा टकटक करायची, मग एक भरलेलं दाबायचं. मोजणाऱ्या बाईसाठी.

सांगते तुम्हाला, मला आधी राग आला. एवढा राग, की ठोकळा भिंतीवर आपटायला उचलला होता. तीस वर्षांत मी तुम्हाला एकदाही खोटं बोलताना पकडलं नव्हतं, आणि मला वाटायचं की माझ्या पाळतीमुळे तुम्ही खरं बोलता. आणि तुम्ही काय केलंत, तर मला हवा तसा खरेपणा करून दिलात. घसा पेटलेला असताना एक टक पुरली असती. तिथे तुम्ही सोळा वेळा बोट उचललंत, माझी खात्री पटावी म्हणून. एवढे कष्ट घेऊन माझ्याशी कुणी खरंसुद्धा बोललं नाही हो. रागाच्या खालून काय निघालं, त्याला काय म्हणू? मी तुमचे उपकार मानते आणि तुम्हाला माफही करत नाही.

पण यादी तिथे संपली नव्हती. एफ-सात आणि एफ-आठ रिकामी होती. एफ-पाच होतं, 'तू जा. मी हाय.' म्हणजे तेही तयारच होतं. फोन येण्याच्या आधीपासून तुम्हाला ठाऊक होतं की एक दिवस मी पिशवी भरेन आणि तुम्हाला विचारेन. आणि त्याला चिकटून एफ-सहा.

'लई दुखतंय. आज जाऊ नको.'

हे वाक्य मी कधीच ऐकलं नाही. एकदाही नाही. तुम्ही ते भरून ठेवलं होतंत आणि दोन्ही बटणं शेजारी-शेजारी होती. मधे माझ्या नखाएवढं अंतर. त्या दिवसांत तुमची बोटं सुजलेली होती. चमचा धरताना थरथरायची. आता मला सांगा, गुरुवारी सोळा टकटकीनंतर अंगठा कुठे न्यायचा होता तुम्हाला? आणि तो हात वर केलात तो कशासाठी? मी निरोप समजले. मी तर मागे वळून बघितलंही नाही.

मीच तुमच्या बाजूने बोलून बघते. म्हणते, गोदामात एवढी वर्षं काढली, ह्यांचं बटण कधी चुकलं नाही. चुकलंच असतं तर दुसऱ्यांदा दाबलं असतं, वेळ होता. संध्याकाळी फोनवर सांगता आलं असतं. मग लगेच दुसरी बाजू उभी राहते. बटण चुकलं, बाई खूश होऊन चपला घालतेय, तिकडे पोरगी कळा देतेय, आता कुठे पुन्हा दाबा, असं तुम्ही म्हणाला असाल. तुम्ही तसेच आहात. आणि संध्याकाळी सांगून मी काय उडत येणार होते? रोज सकाळी मी एका बाजूला असते, दुपारपर्यंत दुसरीकडे जाते. तुम्ही मला सोडून जाताना माझा स्वभाव मात्र पुरता माझ्याकडे ठेवून गेलात.

एकच गोष्ट मला खात्रीने माहीत आहे. 'कुनासारखी हाय' हे कुठल्याच बटणात नाही. सगळी यादी दोनदा वाचली. ते तुम्ही एकेक अक्षर शोधून टाकलं होतंत, त्या बोटांनी, तसा घसा दुखत असताना. तेवढं एक वाक्य माझं नक्की आहे आणि तेवढ्यावर मला पुढचे दिवस काढायचेत. तर ऐका. प्राजू रोज फोनवर दाखवते, मी नीट बघितलं. कान तुमचेच आहेत, पण कपाळावर आठी माझी आहे. दुधाची वाटीसुद्धा संशयाने बघते.

आज जावई गाडी घेऊन मला न्यायला आलेत. प्राजूला मी हवी आहे, बाळाला अंघोळ घालायला तिची सासू एकटी पडते, आणि इथे एकटीने बसून काय करणार, असं सगळ्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. मी तयार झाले, गॅस बंद केला, दोनदा बघितला. निघायच्या आधी ठोकळा पिशवीत टाकायला उचलला आणि राहवलं नाही म्हणून एफ-सहा दाबलं. यादीत वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. आतली बाई तिच्या त्या सरळ, कोरड्या आवाजात म्हणाली, "लई दुखतंय. आज जाऊ नको."

जावई दारात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातात घेतलेली माझी पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात प्राजूचा फोन आला, आई, निघालीस का? मी कॉटवर तुमच्या जागेशेजारी बसले होते. म्हटलं, आज नाही गं येत. तिने विचारलं, का, काय झालं?

"तुझ्या बाबांना बरं नाही," मी म्हणाले.